जमलेला कोर्स दुसऱ्याला कसा द्यायचा?

शाईपेन | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी एका संलग्न कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आमच्या स्टाफरूममध्ये मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, आयकेएस अशी अक्षरं दिवसभर उडत असतात. (ज्यांना ती कळत नाहीत त्यांनी सुखात राहावं.) त्यातलं ओई म्हणजे दुसऱ्या शाखेच्या मुलांसाठीचा खुला पेपर. कला आणि वाणिज्यच्या मुलांना आकडेवारी वाचायला शिकवणारा दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तासांचा कोर्स माझ्या वाट्याला आलाय.

विषयांची यादी लगेच झाली. सरासरी, पसरा (आकडे किती विखुरलेत ते), आलेख, नमुना. अडलंय ते त्यापुढे. कशानंतर काय घ्यायचं, मुलांना वर्गात करायला काय द्यायचं, ती हमखास कुठे हरवतात आणि हरवली की काय करायचं. हे कुणीतरी आधी केलेलं असणारच. किंबहुना राज्यात आत्ता या घडीला माझ्यासारखेच कितीतरी जण हाच कोर्स कोऱ्या कागदावर मांडत बसले असतील, एकमेकांना न विचारता.

तर प्रश्न असा: दुसऱ्या कुणाचा कोर्स, नुसती पीपीटी नव्हे तर अख्खा आराखडा, घेऊन तुम्ही कधी शिकवलंय का? त्यातलं काय उपयोगी पडलं? नसेल शिकवलं, तर का नाही? आणि आपला एखादा कोर्स छान जमला तर तो कुणाला द्यायचा, कुठे ठेवायचा?

फक्त प्राध्यापकांनीच लिहावं असं नाही. ज्यांनी आम्हाला बाकावरून सहन केलंय त्यांचंही स्वागत.

मिरचीभजी | सोमवार, रात्री ९:५८

पीपीटी पाठवू का? पहिली स्लाईड 'वेलकम', शेवटची 'थँक यू', मधल्या वाचून दाखवायच्या. आराखडा संपला.

उनाड_बाक | सोमवार, रात्री १०:१५

पुनर्वापरात आपण कधीच मागे नव्हतो ताई. आमचे सर त्यांच्या सरांनी सांगितलेल्या नोट्स आम्हाला सांगायचे. वहीची पानं पिवळी, कोपरे झिजलेले. 'थोडक्यात टीप लिहा' कुठे आणि 'सविस्तर उत्तरे लिहा' कुठे, याच्यासकट उतरवलेलं. विनोदसुद्धा वारसाहक्काने आले होते, ते वहीत समासात लिहिलेले असायचे.

निरभ्र | सोमवार, रात्री १०:४१

मी अभियांत्रिकीला शिकवतो. मला हा प्रश्नच नीट कळला नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने ओपनकोर्सवेअरची, म्हणजे आपले कोर्स जालावर खुले करण्याची, घोषणा केली २००१ साली. आपल्याकडचे ऑनलाइन कोर्स बघा: आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल २००३ पासून चालू आहे, सरकारचं स्वयम् २०१७ पासून. ई-पीजी पाठशाला आहे. व्हिडिओ, नोट्स, गृहपाठ सगळं फुकट. अजून काय वाटायचं राहिलंय? कमतरता सामग्रीची नाही, ती उघडून बघण्याची आहे.

काळाफळा | मंगळवार, सकाळी ६:२०

निरभ्र, सामग्री भरपूर आहे हे खरंच. पण शाईपेन मागतायत ती गोष्ट त्यात नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. एक उदाहरण देतो. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो तेव्हा त्याच्यावर किती बल असतं? बारावीला उत्तम गुण मिळवून आलेली मुलं बेधडक 'शून्य' म्हणतात. वेग शून्य आहे ना, मग बलही शून्य. गुरुत्वाकर्षण तिथे सुट्टीवर गेलेलं नसतं, हे त्यांना सूत्र म्हणून माहीत असतं, पण उत्तर देताना आठवत नाही.

हार्वर्डचे एरिक माझूर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यावर एक पद्धत बसवली. तास थांबवायचा, असा प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने मत नोंदवायचं. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा मत द्यायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, एफडीपीमध्ये (प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात) सांगतात. पण खरी मेख पुढे आहे. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आली तरच चर्चेला सोडायचं. त्याहून कमी असतील तर मुलं एकमेकांना चुकीचंच पटवत बसतात, तेव्हा आपण परत समजावायचं. जास्त असतील तर पुढे जायचं, वेळ घालवायचा नाही. हा बारकावा ज्याने ऐकला नाही तो ही पद्धत एकदा करतो आणि 'आपल्या मुलांना जमत नाही' म्हणून सोडून देतो.

व्हिडिओत व्याख्यान दिसतं. वर्गाच्या मागच्या बाकावर काय चाललं होतं आणि ते बघून शिकवणाऱ्याने काय बदललं, हे व्हिडिओत नसतं. द्यायचं असेल तर ते द्यायला हवं.

अन्यमनस्क | मंगळवार, सकाळी ७:०२

वाचनखूण साठवली आहे.

तासिकावाला | मंगळवार, दुपारी १:३५

सगळे मोठ्या मनाचे लोक दिसतायत म्हणून जरा खालच्या पायरीवरून लिहितो.

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. दरवर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, तासाप्रमाणे पैसे आणि तेही येतील तेव्हा. माझ्याकडे मराठी माध्यमाच्या मुलांसाठी बांधलेला संशोधनपद्धतीचा एक कोर्स आहे. प्रश्नावली कशी करायची, मुलाखतीला गेल्यावर माणूस बोलत नसेल तर काय करायचं, सगळं गावातल्या उदाहरणांवर. तो चांगला आहे, हे मला मुलांच्या कामावरून कळतं. आता तो मी उघड्यावर ठेवला तर काय होईल? ज्यांची नोकरी पक्की आहे ते तो घेतील, वर स्वतःचं नाव टाकतील, कुठेतरी 'नवोपक्रम' म्हणून सादर करतील. पुढच्या जूनमध्ये मुलाखतीला मी गेलो की समोरचा म्हणेल, हे तर आमच्याकडे आहेच.

माझा कोर्स हीच माझी पुढच्या वर्षीची नेमणूक. ती वाटा असं सांगणं सोपं आहे.

सोलापुरी_चादर | मंगळवार, दुपारी २:१०

तासिकावाला +१. आणि पक्क्या नोकरीवाल्यांचंही गणित बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांमधला गुणांचा तक्ता काढा. नवा अभ्यासक्रम रचला की २ गुण. चारही भागांसह पूर्ण चार क्रेडिटचा मूक (सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स) केला की २०. दुसऱ्याचा चांगला कोर्स घेऊन, आपल्या मुलांना साजेसा करून, मनापासून शिकवला तर? त्याला रकानाच नाही. शोधनिबंधात आधीच्यांचा उल्लेख केला नाही तर चोरी ठरते, कोर्समध्ये केला तर 'यात तुमचं काय?' असं विचारतात.

मिरचीभजी | मंगळवार, दुपारी २:२६

रकाना नाही कसा? कोर्स फाईल आहे ना! सीओ (कोर्सची फलितं), पीओ (अख्ख्या पदवीची फलितं), त्यांचं मॅपिंग. प्रत्येक चौकोनात ३, २, १ भरायचं. आमच्या विभागात एकाने भरलेला तक्ता गेली कित्येक वर्षं सगळे वापरतायत, विषय कुठलाही असो. शाईपेन, तुम्हाला हवा असलेला पुनर्वापर हाच.

शाईपेन | मंगळवार, रात्री ९:१२

मिरचीभजी, हसले खरी, पण आमच्याकडेही तोच तक्ता आहे असं वाटतंय. :)

तासिकावाला, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. निदान नाव आणि तारखेसह कुठेतरी जाहीरपणे ठेवलेली गोष्ट ही मुलाखतीत दाखवता येते, पेनड्राईव्हमधली दाखवता येत नाही, एवढंच सुचतंय.

काळाफळा सर, 'मागच्या बाकावर काय चाललं होतं' हे लिहायचं कुठल्या स्वरूपात? मी स्वतःच्या तासांबद्दल लिहायला बसले तर एक तर दोन ओळी होतात, नाहीतर कादंबरी.

टेम्सकाठी | मंगळवार, रात्री ११:५० (इथे संध्याकाळच आहे)

स्वरूपाबद्दल लिहिते. लंडनमध्ये शिकवते, मूळची साताऱ्याची.

इथे शिक्षणाच्या अभ्यासक डायाना लॉरिलार्ड यांनी बराच काळ हाच प्रश्न धरून काम केलंय. त्यांचं म्हणणं साधं आहे: शिकवणं ही रचना आहे, आणि वास्तुविशारद जसा नकाशा काढून दुसऱ्याला दाखवू शकतो तसं शिक्षकालाही दाखवता यायला हवं. त्यांनी शिकण्याचे सहा प्रकार धरले: ऐकणं-वाचणं, शोध घेणं, सराव, चर्चा, एकत्र मिळून काम आणि स्वतः काही घडवणं. यावर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये 'एबीसी' नावाची कार्यशाळा निघाली. नव्वद मिनिटं, सहा रंगांची कार्डं, एक लांब कागद. विभागातल्या लोकांनी एकत्र बसून आपला कोर्स आठवड्याप्रमाणे कार्डांनी मांडायचा.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा नाक मुरडलं होतं, प्रौढ माणसांना पत्ते कसले खेळायला लावता म्हणून. पण मांडून झाल्यावर एका सहकाऱ्याच्या कागदावर सलग सात आठवडे एकाच रंगाचं कार्ड दिसलं. ऐकणं-वाचणं. कुणाला काही बोलावं लागलं नाही. आणि मुख्य म्हणजे शेजारच्या विभागातल्या माणसाला विषय न कळताही तो कागद वाचता आला. भूगोलवाल्याची मांडणी कायदावालीने उचलली.

निरभ्र | बुधवार, सकाळी ८:३०

टेम्सकाठी, छान वाटतं ऐकायला. पण तिथे कोर्स शिक्षकाचा असतो. इथे अभ्यासमंडळाने चार युनिट ठरवली, प्रत्येकाला तास ठरवले, परीक्षेत प्रत्येक युनिटवर एक प्रश्न. कार्डं मांडायला जागा कुठे आहे? शेवटी मुलं विचारणारच, 'सर, हे पेपरला येणार का?'

टेम्सकाठी | बुधवार, दुपारी ४:०५

युनिट त्यांनी ठरवलं, युनिटच्या आत काय घडतं ते त्यांनी ठरवलेलं नाही. शिवाय मला उलट तुमचा हेवा वाटतो. इथे प्रत्येकाचा कोर्स निराळा, त्यामुळे दुसऱ्याचा आराखडा आपल्याला बसेलच असं नाही. तुमच्याकडे एका विद्यापीठाच्या शेकडो कॉलेजांत तोच पेपर, तीच युनिटं, त्याच सत्रात शिकवली जातात. म्हणजे तुमच्याच अडचणीत त्याच आठवड्यात अडकलेली शेकडो माणसं आहेत. जगात फार ठिकाणी अशी सोय नाही. आणि ती कुणी वापरत नाही!

सोलापुरी_चादर | बुधवार, दुपारी ४:२०

वापरतो की. पेपर तपासायच्या कॅम्पला आम्ही सगळे भेटतो. चहाच्या वेळी जे बोलणं होतं त्यात एफडीपीपेक्षा जास्त शिकायला मिळतं. 'तिसऱ्या प्रश्नाला तुमच्या मुलांनीही हेच लिहिलंय का हो?' इथून सुरुवात होते. फक्त ते कुणी लिहून ठेवत नाही. तसेही आता स्वायत्त कॉलेजं वाढल्यावर प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा होत चाललाय, त्यामुळे ही सोयही किती दिवस टिकेल कोण जाणे.

पश्चिमघाट | बुधवार, रात्री १०:३०

मूळ प्रश्न: दुसऱ्याचा आराखडा घेऊन शिकवलंय का? हो.

मी इतिहासाचा. मराठवाड्यातल्या एका मैत्रिणीने तिच्या बीएच्या मुलांसाठी एक काम बसवलं होतं. जुन्या जिल्हा गॅझेटियरमधली आपल्या तालुक्याची नोंद काढायची, त्यातलं एक विधान निवडायचं (पीक, बाजारपेठ, विहिरी, रस्ता, जात्यांची संख्या, काहीही) आणि आज ते तपासायचं. मग एक पान लिहायचं: लिहिणाऱ्या साहेबाला हे कुणी सांगितलं असेल, आणि त्याने काय पाहिलंच नाही?

मी ते जसंच्या तसं घेतलं आणि पहिल्याच पायरीवर गाडी अडली. तिच्याकडची नोंद निजामी राजवटीतल्या मुलखाची, माझ्याकडची मुंबई इलाख्याची, कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मालिकेतली. मजकुराचा आकार निराळा, तपशील निराळा. माझ्याकडे नोंदी इतक्या लांब की मुलांनी आख्खी पानं उतरवून आणली. मग मी नियम केला: विधान एकच, आणि ते दोन ओळींच्या आत बसलं पाहिजे. तिच्याकडे या नियमाची गरजच नव्हती.

म्हणजे गॅझेटियर बदललं, तालुका बदलला, नियम बदलले. मग मी तिच्याकडून नक्की घेतलं काय? शेवटचा प्रश्न. 'साहेबाने काय पाहिलं नाही?' सगळा कोर्स त्या एका प्रश्नावर उभा आहे आणि तो मला एरवी सुचला नसता. तिने फोनवर सहज सांगितलं म्हणून कळलं. तिच्या लेखी टिपणात तो प्रश्न अगदी शेवटी, ऐच्छिक म्हणून होता. तिला स्वतःलाही तो महत्त्वाचा वाटला नव्हता.

तेव्हा शाईपेन, एक सुचवणी: आराखडा देणाऱ्याने 'यातलं काय काढलं तर डोलारा कोसळेल आणि काय काढलं तरी चालेल' हे लिहावं. बाकी घेणारा बघून घेतो.

देवरुखकर | गुरुवार, सकाळी ६:४५

पश्चिमघाट यांचा प्रतिसाद फार आवडला. मी प्राध्यापक नाही, घरात नारदीय कीर्तनाची परंपरा आहे. आमच्याकडे हे शतकानुशतकं चालू आहे. नमन, पूर्वरंगाचा अभंग, त्याचं निरूपण, मध्ये नामस्मरण, उत्तररंगात आख्यान. साचा सगळ्यांना ठाऊक. कीर्तनकाराची वही असते, तिच्यात टाचणं असतात, आणि ती वही शिष्याला मिळते. पण वडिलांच्या वहीत आख्यानाचा पूर्ण मजकूर कधीच नसायचा. 'इथे थांबणे. बायका रडतात.' असं असायचं. 'पाऊस असल्यास हा दृष्टांत गाळणे.' हे वाचून तिसऱ्या गावी तिसरा माणूस उभा राहायचा.

उनाड_बाक | गुरुवार, सकाळी ९:१०

'इथे थांबणे. बायका रडतात.' आमच्या इंजिनिअरिंग मॅथ्सच्या प्रत्येक पानावर हे लिहिता आलं असतं, फक्त पोरं रडायची.

पणजीकर | गुरुवार, दुपारी १२:२०

गोव्यातून. आमच्याकडे बहुतेक सगळी पारंपरिक कॉलेजं एकाच विद्यापीठाखाली, त्यामुळे एका विषयाचे शिक्षक एका सभागृहात मावतात आणि निम्मे तर एकमेकांचे पाहुणे. देणं-घेणं भरपूर चालतं. पण कुठे? व्हॉट्सॲपवर. तिथे 'सुप्रभात'च्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. मागच्या सत्रात कुणीतरी सुंदर प्रश्नसंच टाकला होता, आता शोधू गेलो तर फाईल 'उपलब्ध नाही'.

कॉलेजात मूडल (कोर्स ऑनलाइन चालवायची प्रणाली) असेल तर एक करता येतं: अख्ख्या कोर्सची बॅकअप फाईल काढून दुसऱ्याच्या मूडलवर चढवता येते, मुलांची माहिती वगळून. क्रिया, प्रश्न, क्रम सगळं जातं. गूगल क्लासरूममध्येही कोर्सची प्रत काढता येते. फक्त 'का' जात नाही, त्यासाठी सुरुवातीला एक पान लिहावंच लागतं.

वकिलीणबाई | गुरुवार, सायंकाळी ६:००

चोरीबद्दल थोडं, कारण तासिकावाला यांचा मुद्दा तसाच राहिला.

कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, मांडणीला मिळतो. तुमची पीपीटी, नोट्स, प्रश्नपत्रिका यांना संरक्षण आहे. 'आधी मुलांना अंदाज करायला लावा, मग मोजायला लावा' या युक्तीला नाही. ती कुणीही वापरू शकतो आणि खरं तर वापरावी. दुसरं, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर नोकरी देणारा असतो, कायद्याचं कलम १७. प्राध्यापकांच्या लिखाणाला ते कितपत लागू होतं यावर वाद घालता येतो, तासाप्रमाणे नेमलेल्यांच्या बाबतीत तर आणखीच. नेमणूकपत्र वाचा.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने याचसाठी आहेत. एमआयटीची सामग्री ज्या परवान्याखाली आहे त्यात नाव द्यायचं, धंदा करायचा नाही, आणि बदल केले तर तेही त्याच अटींवर खुले ठेवायचे, अशा तीन अटी आहेत. पहिल्या पानावर एक ओळ लिहायची असते, बाकी काही नाही. गाईडवाल्यांना ती ओळ थांबवेल का? नाही. पण पुढे भांडायला हातात कागद राहतो.

तासिकावाला | गुरुवार, रात्री ८:१५

माहितीबद्दल आभार. भांडायला कागद आहे, वेळ आणि वकील नाही, हे सोडलं तर ठीक. :)

शाईपेन | शनिवार, सायंकाळी ५:३०

नुसतं बोलण्यापेक्षा एक नमुना टाकते. अख्खा कोर्स नाही, एकाच तासाचा. देवरुखकरांच्या वडिलांच्या वहीवरून आणि पश्चिमघाट यांच्या सूचनेवरून आकार घेतलाय. फाडून ठेवा.

*विषय:* नमुन्याची सरासरी दर वेळी वेगळी का येते, आणि तरी तिच्यावर विश्वास का ठेवायचा.

*वर्ग:* साधारण ६० मुलं, एक तास. साहित्य: चिठ्ठ्या, डबा, दोन रंगांचे खडू.

*काय करायचं:* प्रत्येकाने घरापासून कॉलेजला यायला किती मिनिटं लागतात ते चिठ्ठीवर लिहायचं. (हॉस्टेलची मुलं ५ लिहितात, एसटीने येणारी ९०. हा तिरकेपणा, म्हणजे आकडे एका बाजूला लांब ओढले जाणं, हवाच आहे.) सगळ्या वेळा फळ्याच्या वरच्या भागात पांढऱ्या खडूने मांडायच्या. मग अंदाज विचारायचा: जोडीने ५ चिठ्ठ्या काढून सरासरी घेतली, तर या सरासऱ्यांचा पसरा वरच्या पसऱ्याएवढाच असेल, जास्त की कमी? हात वर करून मत. मग काढायच्या, आणि प्रत्येक जोडीची सरासरी खाली पिवळ्या खडूने, त्याच मापावर. नंतर तेच २० चिठ्ठ्या घेऊन.

*इथे थांबणे:* मुलं सरासरीच्या जागी सुट्या वेळाच खाली मांडायला लागतात. दोन रंग याचसाठी.

*दुसरी अडचण:* 'नमुना मोठा घेतला की माहितीचा तिरकेपणा जातो' असं ती ठामपणे म्हणतात. जात नाही. माहिती तशीच तिरकी राहते, सरासऱ्या एकवटतात. वरचा पांढरा भाग म्हणूनच पुसायचा नाही.

*हे काढू नका:* आधीचा अंदाज. *हे काढलं तरी चालेल:* २० ची फेरी, वेळ नसेल तर.

*पुढचा दुवा:* ५ वरून २० म्हणजे नमुना चौपट, पसरा निम्मा. वर्गमूळ इथून आणायचं, सूत्र आधी लिहायचं नाही.

निरभ्र | शनिवार, रात्री ९:४५

हे बरं आहे, मान्य. पण एका तासाला एवढं पान, म्हणजे तीस तासांना किती? कोण लिहिणार आणि कोण वाचणार?

काळाफळा | रविवार, सकाळी ६:१०

तिसांचं लिहूच नये. ज्या चार-पाच तासांना मुलं हमखास अडकतात तेवढ्यांचंच लिहावं. बाकीचे तास कुठलंही बरं पुस्तक सांभाळून नेतं.

शाईपेन, आता फाडतो. चिठ्ठी काढल्यावर डब्यात परत टाकायची की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही वर्गात नकळत करत असाल, दुसऱ्याला कळणार नाही. जोडी एकेक चिठ्ठी वाचून परत टाकत गेली तर तुमचं 'चौपटीला निम्मं' बसेल. पण ६० पैकी २० चिठ्ठ्या एकदम मुठीत काढल्या, तर डब्याचा एक तृतीयांश भाग एकाच नमुन्यात आला. मग पसरा निम्म्याहून जास्त आक्रसतो. गणित केलं: दोन पसऱ्यांचं गुणोत्तर २ न येता साधारण २.३५ येतं. हुशार मुलगी मोजेल आणि विचारेल, आणि नवीन शिक्षक घामाघूम होईल.

शाईपेन | रविवार, सकाळी ११:०५

सर, साष्टांग. 'प्रत्येक चिठ्ठी वाचून परत टाकायची, डबा हलवायचा' ही ओळ घातली आहे. आणि खाली तळटीप: हे कुणी सांगितलं.

मिरचीभजी | रविवार, दुपारी १२:३०

तळटिपेत 'काळाफळा' असं नाव? कॉलेजाला श्रेणी देणारी नॅकची समिती आली की मजा येईल.

पणजीकर | रविवार, दुपारी ३:१५

मूळ प्रश्नातलं 'कुठे ठेवायचं' राहिलंच. मोठं संकेतस्थळ काढायच्या भानगडीत पडू नका, दोन वर्षांत त्याचं भाडं कुणी भरत नाही आणि सगळं जातं. विषयवार अध्यापकांच्या परिषदा आहेतच, मराठी अर्थशास्त्र परिषदेसारख्या. अधिवेशनात शोधनिबंधांची सत्रं असतात, तिथेच एक सत्र 'माझा एक तास' असं ठेवावं. एक पान, दहा मिनिटं, बाकीच्यांनी काळाफळा सरांसारखं फाडायचं. परिषदेच्या इतिवृत्तात ती पानं छापून आली की ग्रंथालयात राहतात आणि तासिकावाल्यांना मुलाखतीत दाखवायला नावासकट छापील कागद मिळतो.

सोलापुरी_चादर | रविवार, दुपारी ४:००

हे आवडलं. आणि मुक्त विद्यापीठाची पुस्तकं विसरू नका. नाशिकचं यशवंतराव चव्हाण विद्यापीठ १९८९ पासून मराठीत एकट्याने शिकणाऱ्यांसाठी पुस्तकं बनवतंय. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न. वर्गात वापरायला ती आयती सापडतात, पण नियमित कॉलेजवाल्यांना ती 'बाहेरच्यांची' वाटतात.

तासिकावाला | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०:५०

धागा वर काढतोय.

शाईपेन ताईंचा तास माझ्या बीकॉमच्या वर्गात घेतला. संशोधनपद्धतीत नमुना निवडीचा भाग येतोच, तिथे बसवला. ९० मुलं. काय बदललं ते लिहितो, कुणाला लागलं तर.

चिठ्ठी वाचून परत टाकायची म्हटल्यावर ४५ जोड्या आणि एक डबा, हे एका तासात होणारं काम नव्हे. म्हणून सगळ्यांच्या वेळा आधीच्या दिवशी गोळा करून ०० ते ८९ क्रमांकांची एक यादी झेरॉक्स करून वाटली. क्रमांक निवडायला सांगितलं नोटेच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे घ्या, ९० किंवा त्यापुढचा आला तर सोडून द्या. युक्ती बरी होती, पण यूपीआयच्या जमान्यात वर्गात पुरेशा नोटाच निघाल्या नाहीत! मग मोबाइलवर यादृच्छिक आकडे काढले. २० ची फेरी अर्ध्याच जोड्यांना दिली.

अंदाजाच्या वेळी बहुतेक हात 'तेवढाच' ला वर गेले. तो भाग काढू नका असं ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे, कारण नंतर फळ्याकडे बघताना त्यांना स्वतःचं म्हणणं आठवत होतं.

एक नवीन अडचण: मुली घर ते कॉलेज वेळ खरी लिहीत नाहीत. एसटी चुकली तर घरी काय सांगतात त्याच्याशी जुळवून लिहितात. हे एका मुलीनेच हसत हसत सांगितलं. त्यावरून प्रश्नावलीत लोक खरं का सांगत नाहीत हा माझा पुढचा तास आयताच सुरू झाला. तो माझ्या कोर्समधला आहे. त्याचं एक पान लिहून पणजीकर म्हणतात तशा परिषदेकडे पाठवलंय, नावासकट. स्वीकारलं तर इथेही टाकेन. नाही स्वीकारलं तर बघू.

निरभ्र | शुक्रवार, रात्री ११:२०

टाका. वाचेन. (अजूनही मला वाटतं की परीक्षा बदलल्याशिवाय याचा फार उपयोग नाही. पण तो वेगळा धागा.)

पश्चिमघाट | शनिवार, सकाळी ७:३०

निरभ्र, काढाच तो धागा, मी येतो भांडायला.

शाईपेन, तुमचा नमुना इतिहासाच्या मुलांना जनगणना वाचायला शिकवताना वापरावा म्हणतोय. पण आमच्या वर्गाचा फळा अर्धा आहे, उरलेल्या अर्ध्यावर प्रोजेक्टरचा पडदा कायमचा ठोकलाय. पांढरा भाग न पुसता खाली पिवळा कुठे मांडू?

शाईपेन | शनिवार, सकाळी ८:०५

कार्डशीट जोडून भिंतीवर लावा आणि खडूऐवजी टिकल्या चिकटवा. माप मात्र दोन्ही कागदांवर एकच ठेवा, शून्याखाली शून्य. आणि टिकलीचा व्यास पाच मिनिटांच्या चौकोनात मावेल असा घ्या, नाहीतर ढीग सरकतो.